बाळहिरडा आणि एच. पायलोरी : औषधी वनस्पती पोटातल्या जंतूवर चालते का हे लॅबमध्ये कसं तपासायचं

दरवर्षी मायक्रो, बॉटनी, फार्मसीवाल्यांचे प्रोजेक्ट सुरू झाले की हा प्रश्न येतोच, आमच्याकडे अमुक पाला पोटदुखीवर देतात, तो पोटातल्या जंतूवर खरंच चालतो का ते बघायचंय, कसं करू? आणि उत्तरही ठरलेलं असतं, मेथॅनॉलमध्ये भिजवा, डिस्क ठेवा, झोन (डिस्कभोवती जंतू न वाढलेलं वर्तुळ) मोजा, झालं. झोन मिळवणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम आहे आणि त्यातून कळतंही सगळ्यात कमी. मेहनत जाते ती वनस्पती नेमकी कुठली, अर्क किती, आणि जंतू मेला तो अर्काने मेला की आणखी कशाने, हे पक्कं करण्यात. म्हणून हा लेख लांबला आहे, प्रोजेक्टवाल्यांनी आधी पूर्ण वाचा आणि मग सामानाची ऑर्डर द्या.

उदाहरण म्हणून शेवटपर्यंत हिरडाच धरतो. एक तर तो आपल्या घरातला, बाळगुटीत सहाणेवर उगाळला जाणारा. दुसरं म्हणजे त्याच्यावर याच जंतूसाठी, म्हणजे जठरात राहणाऱ्या एच. पायलोरीसाठी, काम झालेलं आहे, २००१ मध्ये इराणी संशोधकांचा एक पेपर आला होता, त्यात कच्च्या काळ्या हिरड्याचा, म्हणजे आपल्या बाळहिरड्याचा, पाण्यातला अर्क एच. पायलोरीवर १२५ मिलीग्रॅम प्रति लिटरला (म्हणजे तितकेच मायक्रोग्रॅम प्रति मिली) वाढ थांबवतो आणि १५० ला जंतू मारतो असं निघालं. १२१ अंशावर अर्धा तास ऑटोक्लेव्ह केल्यावरही अर्क कामाचा राहिला. तिसरं कारण हिरड्यात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य ठासून भरलेलं असतं, त्यामुळे या कामात फसण्याच्या जेवढ्या जागा आहेत त्या सगळ्या त्याच्यात सापडतात.

आधी जंतू कुठला ते ठरवा

"पोटातले जंतू" असं शीर्षक आणि आत ई. कोलाय, साल्मोनेला, असे प्रोजेक्ट ढिगाने आहेत. ते आतड्यातले. जठरात, म्हणजे जिथे आम्ल असतं तिथे, वर्षानुवर्षं मुक्काम ठोकणारा जंतू हेलिकोबॅक्टर पायलोरी. युरिएज नावाचं एन्झाइम वापरून तो युरियापासून अमोनिया बनवतो आणि आपल्याभोवतीचं आम्ल मारतो. ऑस्ट्रेलियात पर्थला बॅरी मार्शल आणि रॉबिन वॉरन यांनी १९८२ मध्ये तो पहिल्यांदा प्लेटवर वाढवला, तोही ईस्टरच्या सुट्टीत प्लेट इनक्युबेटरमध्ये जास्त दिवस राहिल्या म्हणून, त्याआधी दोन दिवसात काही दिसलं नाही की प्लेट टाकून दिल्या जायच्या. २००५ ला दोघांना नोबेल मिळालं. अल्सर आणि जठराचा कॅन्सर या दोन्हीशी याचा संबंध आहे, १९९४ मध्ये आयएआरसी या डब्ल्यूएचओच्या कॅन्सर संशोधन संस्थेने त्याला पहिल्या गटातला कॅन्सरकारक ठरवलं, आणि क्लॅरिथ्रोमायसिन या अँटिबायोटिकला न जुमानणारा एच. पायलोरी डब्ल्यूएचओच्या २०१७ च्या प्राधान्य यादीत होता. नवीन औषध शोधायची गरज आहे ती इथे.

हा बीएसएल-२ चा, म्हणजे दुसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागणारा, जंतू आहे. कॉलेजची लॅब साधी असेल, बायोसेफ्टी कॅबिनेट नसेल, तर हे काम तिथे करू नका. ज्यांच्याकडे हा जंतू नेहमी वाढवला जातो अशा लॅबशी बोलून तुम्ही अर्क तिकडे घेऊन जा. अर्काचा अर्धा भाग तुमच्या कॉलेजात, जंतूचा अर्धा तिकडे, अशी वाटणी व्यवस्थित चालते.

वनस्पती निवडताना वैदूला काय विचारायचं

"पोटासाठी काय देता?" या प्रश्नाला काही अर्थ नाही, कारण पोटासाठी म्हणजे हगवण, जंत, मुरडा, बद्धकोष्ठ, पित्त, सगळंच आलं. कुडा हगवणीला, वावडिंग जंताला, मुरुडशेंग मुरड्याला, यातलं कुठलंच दुखणं एच. पायलोरीचं नाही. तुम्ही विचारायचं ते छातीत-पोटात जळजळ, रिकाम्यापोटी कळ, जेवल्यावर काही वेळाने उठणारी दुखणी, करपट ढेकर, यावर काय देता. आयुर्वेदात अम्लपित्त आणि परिणामशूल या सदरात जे येतं ते बघा. मग पुढचे प्रश्न, कुठला भाग, कच्चा की पिकलेला, ताजा की वाळवलेला, पाण्यात उकळून की चूर्ण करून, कशाबरोबर, किती दिवस. हे सगळं लिहून घ्या, कारण नंतर अर्क कसा काढायचा ते यावरून ठरतं. काढा देत असतील आणि तुम्ही फक्त हेक्झेनचा अर्क तपासला तर तुम्ही त्यांचं औषध तपासलंच नाही.

हिरड्यात तर भाग म्हणून भागत नाही, वयही लागतं. बाजारात बाळहिरडा, चांभारी हिरडा, सुरवारी हिरडा असे तीन मिळतात, झाड एकच, फळ किती वाढल्यावर काढलं त्याचा फरक. आठळी धरायच्या आधीचा लहान, वाळून काळा पडलेला तो बाळहिरडा, पूर्ण वाढलेला सुरवारी. तिघांतलं टॅनिनचं प्रमाण सारखं नसतं. थीसिसमध्ये नुसतं "हिरडा फळ" लिहिलेलं असेल तर पुढच्या माणसाला ते काम परत करताच येणार नाही.

ओळख पटवणं, ही पायरी टाळू नका

दुकानातून पुडी आणून काम सुरू करणारे खूप आहेत. वावडिंग म्हणून बाजारात दुसऱ्याच झाडांची फळं येतात, जेष्ठमधात गुंजेची मुळं मिसळतात, आणि चूर्ण असेल तर डोळ्याने काहीच कळत नाही. त्यामुळे शक्यतो स्वतः झाडावरून घ्या. जुन्नर, आंबेगाव, भीमाशंकरच्या पट्ट्यात बाळहिरडा गोळा करणं हे तिथल्या महादेव कोळी कुटुंबांचं नेहमीचं काम आहे, त्यांच्याबरोबर जा, झाड दाखवून घ्या, आणि वेचणीचे पैसे द्या, फुकट मागू नका.

झाडाची फुलं किंवा फळं असलेली फांदी दाबून हर्बेरियम शीट करा. त्यावर तारीख, जागा, जीपीएस, स्थानिक नाव, गोळा करणाऱ्याचं नाव आणि नंबर. पान नीट बघा, हिरड्याच्या पानाच्या देठावर, पात्याच्या जवळ, दोन बारीक गाठी असतात. शीट ओळखीसाठी पुण्यात बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाच्या पश्चिम विभागात किंवा आघारकर संशोधन संस्थेत नेता येते, मुंबईत सेंट झेवियर्सचं ब्लॅटर हर्बेरियम आहे. व्हाउचर नंबर, म्हणजे जमा केलेल्या नमुन्याचा नोंदणी क्रमांक, मिळाला की तो पेपरमध्ये टाकायचा. चूर्णच हातात असेल आणि दुसरा इलाज नसेल तर डीएनए बारकोडिंग, पण वाळवलेल्या टॅनिनवाल्या मालातून चांगला डीएनए काढणं हे वेगळंच दुखणं आहे.

परवानगीचं आधीच बघा. जैवविविधता कायदा २००२ चा, राज्याचं जैवविविधता मंडळ नागपूरला, राष्ट्रीय प्राधिकरण चेन्नईला. पेटंटचा विचार असेल किंवा परदेशी संस्था सोबत असेल तर प्राधिकरणाकडे मंजुरी किंवा नोंदणी लागते. संरक्षित जंगलातून काही आणायचं तर वनखात्याला विचारा, गावाच्या हद्दीत ग्रामसभा आणि जैवविविधता समितीला. हे कागद नंतर करू म्हणणाऱ्यांचे पेपर अडकतात. आणि वैदूने सांगितलेली गोष्ट त्याच्या नावाने नोंदवायची की नाही हे त्यालाच विचारा. हळदीने जखम भरते यावर अमेरिकेत १९९५ मध्ये पेटंट दिलं गेलं होतं, ते १९९७ मध्ये रद्द झालं कारण माशेलकरांच्या काळात सीएसआयआरने जुने लेखी पुरावे नेऊन दाखवले. लिहिलेलं होतं म्हणून वाचलं, नुसतं तोंडी असतं तर अवघड होतं.

अर्क

फळं धुवा, सावलीत वाळवा किंवा ४० अंशाच्या ओव्हनमध्ये ठेवा, भरड दळा. मिक्सर तापला की थांबा. निदान दोन अर्क करा, एक पाण्याचा आणि एक ७० टक्के इथेनॉलचा.

पाण्याच्या अर्कासाठी वैदू करतो तसाच काढा करा. एक पारंपरिक प्रमाण असं, १ भाग भरड, १६ भाग पाणी, आटवून आठवा हिस्सा. गाळा, सेंट्रिफ्यूज करा, गोठवून लायोफिलाइज करा, म्हणजे निर्वातात सुकवा. इथेनॉलच्या अर्कासाठी १ ला १० प्रमाणात भिजवून शेकरवर रात्रभर, गाळून परत नवीन सॉल्व्हंट, असं दोन-तीनदा, सगळं एकत्र करून रोटरी इव्हॅपोरेटरवर ४० अंशाच्या आत उडवा. सॉल्व्हंट पूर्ण गेलाय याची खात्री करा, राहिलेला मेथॅनॉल किंवा इथेनॉल जंतू मारतोच की.

मग वजन. किती ग्रॅम चूर्णातून किती ग्रॅम अर्क, हा आकडा लिहून ठेवा, तो नसेल तर पुढे डोसचा काही हिशोब लागत नाही. समजा १०० ग्रॅममधून २० ग्रॅम निघाला, तर १२५ मायक्रोग्रॅम अर्क म्हणजे ६२५ मायक्रोग्रॅम चूर्ण.

स्टॉक डीएमएसओ या सॉल्व्हंटमध्ये १०० मिलीग्रॅम प्रति मिली करा, पाण्याचा अर्क पाण्यात विरघळत असेल तर पाण्यातच. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढताना फिल्टर नायलॉन किंवा पीटीएफईचा घ्या, सेल्युलोज ॲसिटेटवाला डीएमएसओत विरघळतो आणि तुमच्या स्टॉकमध्ये जाऊन बसतो. फिल्टरवर किती माल अडकला तेही बघा, हिरड्यात बराच अडकतो. छोट्या व्हायलमध्ये वाटून उणे २० ला ठेवा, एकच बाटली रोज काढायची-ठेवायची असं करू नका, हिरड्यातले चेब्युलॅजिक आणि चेब्युलिनिक ॲसिडसारखे टॅनिन हळूहळू तुटून गॅलिक, इलॅजिक ॲसिड होतात आणि महिन्याभराने तुम्ही दुसराच अर्क तपासत असता.

जंतू वाढवणं

याचे नखरे खूप आहेत. हवेतला ऑक्सिजन त्याला झेपत नाही आणि अजिबात नसेल तरी चालत नाही. ५ टक्के ऑक्सिजन, १० टक्के कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन, तापमान ३७, भरपूर दमट. ट्रायगॅस इनक्युबेटर असेल तर उत्तम, नाहीतर जार आणि मायक्रोएरोफिलिक (कमी ऑक्सिजनच्या) गॅसचं पाकीट. मेणबत्ती लावलेला जार या कामाला पुरत नाही, त्यात ऑक्सिजन बराच उरतो.

प्लेट कोलंबिया अगारच्या, ५ ते १० टक्के मेंढीचं किंवा घोड्याचं डीफायब्रिनेटेड रक्त घालून. रुग्णाच्या बायोप्सीतून जंतू काढत असाल तर डेंट सप्लिमेंट घाला, म्हणजे व्हँकोमायसिन, ट्रायमेथोप्रिम, सेफसुलोडिन आणि ॲम्फोटेरिसिन बी, पण अर्काच्या टेस्टच्या प्लेटमध्ये हे अजिबात घालू नका, नाहीतर तुम्ही अर्क अधिक चार औषधं तपासाल. ब्लड बँकेतलं मुदत संपलेलं मानवी रक्त वापरायची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडा, दात्याच्या रक्तात जंतूविरुद्धच्या अँटिबॉडी किंवा एखादं अँटिबायोटिक असू शकतं आणि हाताळायचा धोका वेगळा.

रेफरन्स स्ट्रेन (जंतूचा ठरलेला वाण) एटीसीसी ४३५०४ घ्या, क्वालिटी कंट्रोलसाठी हीच ठरलेली आहे. ती मेट्रोनिडॅझोलला जुमानत नाही हे लक्षात ठेवा, पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून मेट्रोनिडॅझोल ठेवला तर गोंधळ उडेल. शिवाय निदान काही रुग्णांकडून आलेल्या स्ट्रेन हव्यात, त्यासाठी एथिक्स कमिटीची मंजुरी.

तीन दिवसांनी बारीक, पारदर्शक, पाण्याच्या थेंबासारख्या वसाहती दिसतात, नाही दिसल्या तर सातव्या दिवसापर्यंत प्लेट टाकू नका. दरवेळी तपासा, ग्रॅम निगेटिव्ह वाकडे जंतू, ऑक्सिडेज, कॅटालेज, युरिएज तिन्ही पॉझिटिव्ह, युरिएज तर काही मिनिटांत रंग बदलतो. आणि ताजंच कल्चर वापरा, ४८ ते ७२ तासांचं. जुनं झालं की जंतू गोल होतात, ते प्लेटवर वाढत नाहीत, आणि मग "अर्काने मारले" असं वाटतं. मायक्रोस्कोपखाली गोल जास्त दिसले तर त्या दिवशी टेस्ट करू नका, सबकल्चर करा.

मुख्य टेस्ट, एमआयसी (वाढ थांबवणारी कमीत कमी मात्रा)

डिस्क किंवा विहीर पद्धत पहिल्या चाळणीला चालेल, त्यापुढे नाही. अगारमधून लहान रेणू पळतात, मोठे टॅनिन जागेवर बसतात, त्यामुळे १८ मिमी वाला अर्क १२ मिमी वाल्यापेक्षा भारी असं म्हणताच येत नाही. वेगवेगळ्या वनस्पतींचे झोन एका बार ग्राफमध्ये शेजारीशेजारी लावलेले बघितले की वाचणारा तिथेच पेपर बंद करतो.

पक्कं काम म्हणजे अगार डायल्यूशन, अर्क वेगवेगळ्या मात्रांत अगारमध्येच मिसळायचा. सीएलएसआय या लॅबची मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या एम४५ मध्ये याची पद्धत दिली आहे, म्युलर हिंटन अगार, निदान दोन आठवडे जुनं मेंढीचं रक्त ५ टक्के, मॅकफार्लंड (गढूळपणाचं माप) २ इतकं गढूळ इनॉक्युलम (पेरायचे जंतू), प्रत्येक ठिपक्याला १ ते ३ मायक्रोलिटर, तीन दिवस मायक्रोएरोफिलिक. बरेच स्ट्रेन एकाच प्लेटवर बसतात हा फायदा, अर्क जास्त लागतो हा तोटा.

अर्क थोडा असेल तर ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन. ब्रेन हार्ट इन्फ्युजन ब्रॉथ अधिक १० टक्के फीटल बोव्हाइन सीरम. हिशोब असा करा. १०० मिलीग्रॅमच्या स्टॉकमधले २० मायक्रोलिटर, ९८० मायक्रोलिटर ब्रॉथमध्ये, झाले २००० मायक्रोग्रॅम प्रति मिली आणि डीएमएसओ २ टक्के. ९६ वेलच्या (बारीक खळग्यांच्या) प्लेटमध्ये पहिल्या वेलला याचे २०० मायक्रोलिटर, बाकी वेलमध्ये नुसता ब्रॉथ १००. पहिल्यातून १०० उचला, दुसऱ्यात मिसळा, तसंच पुढे आठव्या वेलपर्यंत, शेवटच्यातून १०० टाकून द्या. मग प्रत्येकात जंतूंचं सस्पेन्शन १०० मायक्रोलिटर. आता पहिल्या वेलमध्ये १००० मायक्रोग्रॅम आणि १ टक्का डीएमएसओ, पुढे ५००, २५०, १२५, ६२.५, ३१.२५, १५.६, ७.८. शेवटी वेलमध्ये साधारण १० लाख जंतू प्रति मिली यायला हवेत, ओडीवरून (यंत्राने मोजलेल्या गढूळपणावरून) अंदाज बांधा पण प्लेट काऊंट करून खात्री करा, ओडी मेलेले जंतूही मोजतो.

कडेच्या वेलमध्ये टेस्ट लावू नका, तिथे निर्जंतुक पाणी भरा, तीन दिवसांत कडेचे वेल सुकतात. जारमध्ये ओला टिश्यू ठेवा.

आता कंट्रोल, जे वाचवायच्या नादात अख्खा प्रोजेक्ट वाया जातो. नुसता ब्रॉथ. जंतू अधिक ब्रॉथ. जंतू अधिक १ टक्का डीएमएसओ. जंतू अधिक क्लॅरिथ्रोमायसिन, एटीसीसी ४३५०४ साठी अगार डायल्यूशनमध्ये त्याची एमआयसी ०.०१५ ते ०.१२ मायक्रोग्रॅममध्ये यायला हवी, नाही आली तर त्या दिवसाचं सगळं बाद, अर्काचा आकडा कितीही छान असू दे. अर्क अधिक ब्रॉथ, जंतूशिवाय, प्रत्येक डायल्यूशनला, कारण हिरडा स्वतःच ब्रॉथ काळपट आणि गढूळ करतो. आणि हिरड्यासारख्या मालासाठी एक जादा, बाटलीतलं टॅनिक ॲसिड, त्याच मात्रांमध्ये. तुमचा अर्क आणि टॅनिक ॲसिड सारखेच वागले तर तुम्ही हिरड्याबद्दल काहीच नवीन सांगितलेलं नाही.

पीएच पण मोजा. हिरड्याचा अर्क आंबट आहे, १००० मायक्रोग्रॅमला ब्रॉथचा पीएच किती उतरतो ते बघा. युरिया नसलेल्या ब्रॉथमध्ये या जंतूला आम्लातून वाचायचं साधन नसतं, मग तो तुमच्या आम्लाने मेला की औषधाने?

वाचन

७२ तासांनी बघा. डोळ्याने बघाल तर गढूळपणा फसवतो, रेझॅझुरिन (जिवंत जंतूंमुळे निळ्याचा गुलाबी होणारा रंग) घालाल तर टॅनिनसारखे पॉलिफेनॉल स्वतःच त्याचा निळ्याचा गुलाबी करतात, म्हणजे मेलेले जंतू जिवंत दिसतात. हळदीत आणखी वेगळी तऱ्हा, तिचा पिवळा रंगच ओडीत येतो. म्हणून अशा रंगीत अर्कांना शेवटचा निकाल प्लेटवर. प्रत्येक वेलमधून १० मायक्रोलिटर रक्ताच्या प्लेटवर ठेवा, मायक्रोएरोफिलिक, पाच दिवस.

याच प्लेटवरून एमबीसी, म्हणजे जंतू मारणारी कमीत कमी मात्रा, कळते. ९९.९ टक्के मेले म्हणायचं तर १० लाखांपैकी १००० प्रति मिली उरायला हवेत, म्हणजे १० मायक्रोलिटरमध्ये जेमतेम १० वसाहती. वेलमधला अर्कही थेंबाबरोबर प्लेटवर जातो हे विसरू नका, वरच्या मात्रांच्या वेलमधला थेंब आधी दहापट पातळ करून पण लावा. एमबीसी भागिले एमआयसी ४ च्या आत असेल तर मारणारा अर्क, जास्त असेल तर वाढ थांबवणारा.

तीन वेगवेगळ्या दिवशी, ताज्या कल्चरवर, परत करा. एकाच प्लेटमधले तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. एमआयसी एका पायरीने खालीवर होतेच, १२५ एकदा २५० एकदा, यात घाबरायचं काही नाही. उलट "१२५ ± ०.००" असं लिहिलेलं दिसलं की व्हायवाला बसलेला माणूस पहिला प्रश्न तिथेच विचारणार. रेंज लिहा.

आकड्याचा अर्थ काय लावायचा? कच्चा अर्क १००० च्या वर लागत असेल तर सोडून द्या, साखरही त्या मात्रेला काहीतरी करते. १०० च्या आसपास किंवा खाली असेल तर पुढे जायला हरकत नाही. शुद्ध घटक असेल तर १० च्या आत अपेक्षा धरा.

टॅनिनची गाठ सोडवा

टॅनिन प्रथिनांना चिकटतं, म्हणूनच हिरड्याने चामडं कमावतात. प्लेटमधल्या रक्ताला, ब्रॉथमधल्या सीरमला, जंतूच्या वरच्या प्रथिनांना, सगळ्यांना ते चिकटणार. यातून दोन उलट चुका होतात, एकीकडे सीरम टॅनिन ओढून घेतं आणि अर्क कमजोर दिसतो, दुसरीकडे टॅनिन सगळ्यालाच बांधतं आणि अर्क सगळ्या जंतूंवर जबरदस्त दिसतो. तपासायचं असं, अर्काचा एक भाग पीव्हीपीपी या न विरघळणाऱ्या पॉलिमरबरोबर हलवून सेंट्रिफ्यूज करा, टॅनिन त्याला चिकटून खाली बसतं, वरचा भाग परत टेस्टला लावा. परिणाम सगळाच गेला तर काम टॅनिनचं होतं. ते वाईट नाही, पण मग तसं लिहा.

सोबत ई. कोलाय आणि एखादा लॅक्टोबॅसिलस त्याच मात्रांना लावा. सगळेच सारखे मरत असतील तर "एच. पायलोरीविरोधी" हा शब्द शीर्षकातून काढा.

युरिएज टेस्ट करायची तर वेगळी करा, एमआयसीशी मिसळू नका. वर सांगितलेल्या इराणी कामात युरिएज रोखायला १ ते २.५ मिलीग्रॅम प्रति मिली लागलं, म्हणजे जंतू मारायला लागलं त्याच्या निदान साडेसहापट. याचा अर्थ तिथे जंतू युरिएज बंद पडून मेला नव्हता, दुसरंच काहीतरी झालं होतं. टेस्टमध्ये युरिएज रोखणारं ॲसिटोहायड्रॉक्सॅमिक ॲसिड कंट्रोल म्हणून ठेवा, आणि ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हे डिटर्जंट घालून एकदा परत करा, रोखणं नाहीसं झालं तर ते एन्झाइमला नुसतं चिकटणं होतं.

पुढचं, ज्यांना वेळ आहे त्यांच्यासाठी

पेशींवरचा विषारीपणा एजीएस या जठराच्या कॅन्सरच्या पेशींवर बघतात, एमटीटीने, जो जिवंत पेशींत जांभळा होतो. इथेही पॉलिफेनॉल एमटीटीला थेट जांभळं करतात, म्हणून रंग घालायच्या आधी पेशी धुऊन घ्या. निम्म्या पेशी मारणारी मात्रा भागिले एमआयसी, हा आकडा १० च्या वर असला तर बरं. फ्रॅक्शन करायचे तर हेक्झेन, क्लोरोफॉर्म, इथिल ॲसिटेट, ब्युटॅनॉल, पाणी असा क्रम, प्रत्येकाची एमआयसी, जो चालेल तो पुढे कॉलमला. क्लॅरिथ्रोमायसिनबरोबर चेकरबोर्ड (दोघांच्या मात्रा आडव्या-उभ्या बदलत) लावून एफआयसी (जोडीचा परिणाम मोजणारा आकडा) ०.५ किंवा खाली आली तर ती जोडी बघण्यासारखी, माझ्या मते वनस्पतींमधून खरा उपयोग निघालाच तर तो असा निघेल, जुन्या औषधाला हात देणारा.

आणि काचेतलं पोटात चालतं असं धरू नका. ग्रीसच्या खिऑस बेटावरचा मस्तकीचा डिंक घ्या. १९९८ मध्ये न्यू इंग्लंड जर्नलमध्ये पत्र आलं की तो एच. पायलोरी मारतो, अगदी थोड्या मात्रेत. २००३ मध्ये आठ रुग्णांना रोज चार वेळा एकेक ग्रॅम, चौदा दिवस दिला, आठही जण पॉझिटिव्हच राहिले. मात्रा कमी पडली म्हणावं तर हिशोब बघा, २५० मिली पाण्यात हिरड्याच्या एमआयसीइतकी १२५ मायक्रोग्रॅम प्रति मिली मात्रा करायला जेमतेम ३१ मिलीग्रॅम अर्क लागतो, तेवढा कुणीही गिळेल. पण जठर काही वेळात रिकामं होतं, जंतू श्लेष्माच्या थराखाली बसलेला असतो, तिथपर्यंत किती पोहोचलं आणि किती वेळ टिकलं हे प्लेट सांगत नाही. हिरड्याचं टॅनिन तर वाटेतच श्लेष्मातल्या प्रथिनांना चिकटू शकतं. एमआयसी परत एकदा म्युसिन (श्लेष्मातलं प्रथिन) घालून, आणि अर्क आधी एक-दोन तास पेप्सिन आणि पीएच २ मध्ये ठेवून मग पीएच सरळ करून, एवढं तरी करून बघा. फार साधं काम आहे आणि पेपरचं वजन वाढतं.

घरात कुणाला अल्सर असेल आणि हा लेख वाचून हिरड्याचा काढा सुरू करायचा विचार असेल तर नको. ब्रेथ टेस्ट किंवा स्टूल अँटिजेन करून घ्या आणि डॉक्टर देतील तो चौदा दिवसांचा कोर्स पूर्ण करा, अर्धवट सोडला की रेझिस्टंट स्ट्रेन उरतात.

लिहिताना इतकं तरी असू द्या : व्हाउचर नंबर, फळाची अवस्था, अर्काचं प्रमाण आणि उतारा, स्ट्रेनची यादी आणि त्या कुठल्या औषधांना जुमानत नाहीत, इनॉक्युलमचा प्रत्यक्ष काऊंट, गॅस, तास, क्लॅरिथ्रोमायसिनची त्या दिवशीची एमआयसी, टॅनिन काढल्यानंतरची एमआयसी. जे अर्क चालले नाहीत तेही तक्त्यात ठेवा, दहा वनस्पतींपैकी आठ नापास झाल्या तर आठही नावं येऊ द्या, नाहीतर पुढच्या वर्षी दुसरं कुणीतरी तेच आठ परत वाळवत बसेल.